कोकमाच्या बाटलीवर भलतंच छापून बसलो! (इंग्रजीवरून फ्रेंच करताना मदत हवी)

माडाखालचा

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर अधूनमधून दोन ओळी टाकतो तेवढंच. आज स्वतःचाच पोपट झाला म्हणून धागा काढतोय.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आमचं घर लागतं. चार खोल्या पाहुण्यांना देतो. २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून गोव्याच्या गर्दीला विटलेले परदेशी अधूनमधून इकडे सरकतात. गेल्या दोन हंगामांत त्यात फ्रेंच जास्त. एकाने दुसऱ्याला सांगितलं असणार. बायको घरचं कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारा रस), आंबापोळी आणि भाजलेले काजू विकते. लेबलं मराठी-इंग्रजी होती. या वर्षी आमच्या डोक्यात शिरलं की फ्रेंचही टाकू.

मुलगी अकरावीला आहे. स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलंय. ती म्हणाली, "बाबा, सोप्पं आहे. इंग्रजीत शेवटी 'टिव्ह' असेल तर तिथे 'तीफ' करायचं. पॉझिटिव्हचं पोझितीफ, ॲक्टिव्हचं आक्तीफ." आमच्या बाटलीवर ठळक अक्षरात होतं 'नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज'. त्याचं झालं 'सां प्रेझेर्वातीफ'. दोनशे लेबलं छापून आणली, चिकटवली आणि पडवीतल्या फळीवर बाटल्या ओळीने मांडल्या.

पंधरा दिवसांपूर्वी ल्योंकडचं एक सत्तरीचं जोडपं आलं. बाईंनी बाटली उचलली, चष्मा लावला, वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग नवऱ्याला दाखवलं. तो माणूस एकदा बाटलीकडे बघतो, एकदा माझ्याकडे, आणि रुमाल तोंडाला लावून पाठ फिरवतो! बाईंना काहीतरी सांगायचं होतं, पण माझी मुलगी शेजारीच उभी. शेवटी त्या गृहस्थांनी मला हाताला धरून विहिरीमागे नेलं आणि फोनवर चित्र दाखवलं.

मंडळी, 'प्रेझेर्वातीफ' म्हणजे निरोध.

म्हणजे आमच्या दोनशे बाटल्या ओरडून सांगत होत्या की हे सरबत निरोधाशिवाय आहे. मी कानापर्यंत आगळाच्या रंगाचा झालो.

तर आता मेनूही तपासून घ्यायचाय. तो मुलीने नाही, मोबाईलने केला. इंग्रजी शब्द एकेक टाकले, आलेलं फ्रेंच उतरवलं. 'कोकम शर्बेट'चं 'सोर्बे ओ कोकम', 'बॉम्बे डक फ्राय'चं 'कानार द बोंबे फ्री', 'मटण करी'चं 'क्यूरी द मूतों' (हसू नका, तसंच म्हणतात), 'मँगो लेदर'चं 'क्वीर द मांग'. बांगड्याच्या तिखल्यापुढे (तिखट रश्शापुढे) कंसात 'व्हेरी हॉट' लिहिलं होतं, त्याचं 'त्रे शो' आलं. तिखल्यात तर काहीतरी नक्की घोटाळा आहे. परवा एकाने ताट समोर घेऊन दहा मिनिटं वाट बघितली, फुंकर मारली, मग मोठा घास घेतला. पुढचं काय सांगू. नारळपाणी दोन शहाळी.

शिवाय जिन्याजवळ लावायला एक पाटी आहे. मुलीने इंग्रजीत 'इट रेन्स कॅट्स अँड डॉग्ज, सो होल्ड युअर हॉर्सेस' असं काहीतरी झकास लिहिलंय. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, घसरू नका, एवढंच म्हणायचंय. जाणकारांनी मदत करावी.

रापणकर

हसान हसान पोटात दुखाक लागला रे. ती लेबलां फाडू नको हां. जुन्या लेबलाची एक बाटली माका ठेव.

घावणे_चटणी

हसून हसून पुरेवाट!! विहिरीमागे नेलं हे वाचून ऑफिसात चहा सांडला. जाणकारांच्या प्रतीक्षेत, पाट टाकून बसले आहे.

रातांबा

पुण्यात वीसेक वर्षं फ्रेंच शिकवते, माहेर दापोलीचं. तेव्हा या धाग्यावर माझा हक्कच आहे.

आधी मुलीला रागावू नका. तिचा नियम खोटा नाही, दहातल्या सात-आठ वेळा चालतो, आणि फसवतो तो म्हणूनच. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबाराची, कोर्टाची भाषा फ्रेंच होती. इंग्रजीत फ्रेंच शब्द पोत्यांनी गेले. गेले ते गेले, पण नंतर दोन्हीकडे आपापल्या वाटेने बदलले. दिसायला जुळे, अर्थाने परके. फ्रेंचमध्ये अशांना 'फो झामी' म्हणतात, खोटे मित्र. १९२८ साली दोन फ्रेंच प्राध्यापकांनी या नावाचं पुस्तक काढलं आणि तो शब्द रूढ झाला.

तुमच्या बाटलीवर हवं 'सां कोंसेर्वातर'. मात्र 'कोंसेर्वातर'चे आणखी दोन अर्थ आहेत, संग्रहालयाचा अभिरक्षक आणि राजकारणातला पुराणमतवादी. कोकमाच्या बाटलीवर कोणी ते काढणार नाही, तरी पाहुणा हसलाच तर कारण माहीत असावं.

तिखल्याचा घोटाळा सरळ आहे. 'शो' म्हणजे गरम, चुलीवरून उतरलेलं. त्या बिचाऱ्याने तुमची पाटी अक्षरशः पाळली! मराठीत आपल्याकडे तिखट वेगळं, गरम वेगळं, मसालेदार वेगळं. इंग्रजीत गेल्यावर पहिली दोन एका 'हॉट'मध्ये कोंबली गेली, आणि मोबाईलने त्यातलं चुकीचं बाहेर काढलं. फ्रेंचला आपल्यासारखाच फरक कळतो. तिखट म्हणजे 'पिकां'. 'एपीसे' म्हणजे मसाले घातलेलं, ते तिखट असेलच असं नाही. बांगड्यापुढे 'त्रे पिकां' लिहा आणि खाली तिरफळाचं सांगा. शेजवान मिरी तिथे 'प्वाव्र द्यु सिशुआन' म्हणून मिळते, तिच्याच कुळातलं म्हटलं की जिभेला मुंग्या येणार हे त्यांना आधीच कळेल.

सरबताचं उद्या लिहिते, ते माझं लाडकं प्रकरण आहे.

ऱ्हस्वदीर्घ

धागाकर्त्यांनी 'सरबत' लिहिलं हे योग्यच. 'शरबत' हिंदी. बाकी चालू द्या.

रातांबा

सरबत. अरबीत 'श-र-ब' म्हणजे पिणे. त्यातून दोन शब्द निघाले, 'शराब' आणि 'शरबत'. 'शराब' लॅटिनमार्गे फ्रान्समध्ये पोचला आणि 'सिरो' झाला, इंग्रजीत 'सिरप'. 'शरबत' तुर्की-इटालियनमार्गे गेला आणि 'सोर्बे' झाला. तोच शब्द फारसीतून आपल्या घरी आला तो सरबत. म्हणजे सरबत आणि सोर्बे सख्खे भाऊ, पण एक माठाजवळ वाढला आणि एक बर्फात. आज 'सोर्बे' म्हणजे दूध नसलेलं, फळाच्या रसाचं बर्फाळ आइस्क्रीम. तुमचा पाहुणा 'सोर्बे ओ कोकम' मागवून चमच्याची वाट बघत बसणार.

आणि गंमत बघा. त्यांच्याकडे मुलांना डाळिंबाचा किंवा पुदिन्याचा गोड पाक पाण्यात घालून देतात, त्याला म्हणतात 'सिरो आ लो', पाण्यातला सिरो. हे आपलं कोकम सरबतच झालं की! बाटलीतला पाक, चार चमचे ग्लासात, वरून पाणी. 'सिरो द कोकम' लिहा, खाली 'पाण्यात मिसळून प्या'. 'ज्यू' म्हणजे ज्यूस लिहू नका, नाहीतर तोंडाला लावून घोट घेतील. मधे इंग्रजी आली नसती तर ही चूक झालीच नसती.

कोकम म्हणजे काय असं विचारलं तर 'मांगुस्तां' सांगा. मँगोस्टीन त्यांना माहीत असतं आणि दोन्ही गार्सिनिया कुळातली.

घावणे_चटणी

वाचनखूण साठवली. ताई, बोंबलाचं काय? आणि मटण तर बरोबरच दिसतंय, मूतों म्हणजे मटणच ना?

रातांबा

मूतों म्हणजे मेंढी. जिवंत असो वा ताटातली, फ्रेंचला एकच शब्द. इंग्रजीने तो नॉर्मनांकडून घेऊन फक्त ताटापुरता ठेवला, गोठ्यातल्या मेंढीला शीप म्हणत राहिले. आपण इंग्रजांकडून मटण घेतलं आणि त्यात बोकड घातला! मोबाईलचं भाषांतर इंग्रजीपुरतं अचूक आहे, फक्त तुमच्या टोपातला प्राणी दुसरा.

बरं, बोकडाचं काय करायचं? शब्दकोशात 'शेव्र' सापडेल, बकरी. पण फ्रेंच माणसाने मेनूत 'शेव्र' वाचलं की डोळ्यांसमोर बकरीच्या दुधाचं चीज येतं. चीजचा रस्सा कसा असेल या विचाराने हैराण होईल. 'काब्री' लिहा, करडू. रेयुनियों बेटावर तमिळ मजुरांचे वंशज 'काब्री मासाले' करतात, कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवर 'कोलोंबो द काब्री' असतो. म्हणजे मसाल्यातल्या बोकडासाठी फ्रेंचमध्ये तयार, वापरातला शब्द आहे, आणि तो आपल्याच लोकांमुळे आहे.

बोंबील: 'कानार' म्हणजे खरं बदक. इंग्रजांनी बोंबलाला बदक का म्हटलं कोण जाणे. डाकगाडीने वास मारत जायचे म्हणून 'डाक'चं 'डक' झालं ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण आपल्याकडे रेल्वे १८५३ ला आली आणि इंग्रजीत हे नाव त्याच्या आधीपासून सापडतं. फ्रेंचमध्ये 'कानार' म्हणजे बोलीत वर्तमानपत्र आणि उडवलेली अफवासुद्धा. मुंबईची तळलेली अफवा! सरळ 'बोंबील' लिहा, पुढे 'प्वासों'. मात्र त्यात दोन एस हवेत. एक गाळलात तर 'प्वाझों', म्हणजे विष. 'आजचा ताजा मासा'चं 'आजचं ताजं विष' होतं आणि पाटी तशीच झळकत राहते.

आंबापोळी: 'क्वीर' चामडं. 'पोळी'साठी कोणी 'फय' सुचवलं तर घेऊ नका, 'वाळवलेलं आंब्याचं फय' म्हणजे दसऱ्याच्या तोरणातलं पान. 'पात द मांग', उन्हात वाळवलेली, असं लिहा. 'पात द फ्रुई' ही त्यांची फळांच्या गराची मिठाई असते, अंदाज बरोबर येईल.

बर्फातला_कोकणी

मूळ देवगडचा, सध्या माँट्रियलला. बाहेर उणे अठरा आणि इकडे बोंबील-कोकम. छळ आहे.

आमच्या इथली तऱ्हा सांगतो. क्वेबेकवाले इंग्रजी शब्दाला दारात उभं करत नाहीत. १९७७ मध्ये फ्रेंचसाठी खास कायदाच केला. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल पाटीवर 'स्टॉप' असतं, इथे 'आरे'. तिकडे लोक खुशाल 'वीकेंड' म्हणतात, इथे 'फँ द समेन', आठवड्याचा शेवट. ईमेलला 'कुरियेल' इथलाच, चॅटला 'क्लाव्हार्दाज', म्हणजे कळफलक आणि गप्पा यांची गाठ मारलेली. आणि फ्रान्समधले लोक उलट इंग्रजी शब्द घेऊन असे वापरतात की इंग्रजालाही कळू नये. 'पार्किंग' ठीक, पण कपडे इस्त्रीला टाकतात ते 'प्रेसिंग'मध्ये, आणि 'स्मोकिंग' म्हणजे पार्टीचा काळा कोट! माडाखालचा, 'नो स्मोकिंग' तसंच ठेवलंत तर कोट चालणार नाही असं वाटायचं कोणालातरी.

पण शब्द अडवले तरी वाक्प्रचार मागच्या दाराने शिरतात. इथे 'मेर्सी' म्हटलं की समोरचा 'बियँव्हन्यू' म्हणतो, स्वागत. हे इंग्रजी 'यू आर वेलकम'चं शब्दशः. फ्रान्सचा माणूस चमकतो, तो 'द रियँ' म्हणेल, काही नाही हो. प्रेमात पडणं इथे 'तोंबे आं नामूर', इंग्रजीची सही सही नक्कल. शब्द सगळे अस्सल फ्रेंच, आत इंग्रजी.

ऱ्हस्वदीर्घ

हे आपल्याकडेही चालू झालं आहे. भाचा परवा 'थँक्यू'ला उत्तर म्हणून 'तुमचं स्वागत आहे' म्हणाला. मी विचारलं, कुठे? कशाला? असो.

नवीन शब्द घडवण्याचा विषय निघालाच आहे तर रत्नागिरीचा उल्लेख व्हायला हवा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ त्या काळातली. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द आज आपण विचार न करता वापरतो. फ्रेंचांनी कॉम्प्युटरला 'ऑर्दिनातर' केलं ते १९५५ मध्ये. तिथल्या आयबीएम कंपनीने एका लॅटिनच्या प्राध्यापकांना पत्र लिहून नाव विचारलं, त्यांनी धर्मशास्त्रातला जुना शब्द सुचवला, जगाला क्रम लावणारा तो. आपला 'संगणक' नुसता मोजतो, त्यांचा विश्वाची घडी बसवतो.

जांभा

फ्रेंच म्हटलं की आमच्या राजापुरात सरबत आठवत नाही, जैतापूर आठवतं. २०१० ला करार झाला, १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या येणार म्हणाले. त्या कागदांचं मराठी भाषांतर कोणी केलं होतं ते बघा आधी. पर्यावरण अहवाल हजारभर पानी इंग्रजीत, गावाला काय कळणार? त्यावर बोला.

बर्फातला_कोकणी

जांभा, मुद्दा रास्त आहे, पण वेगळा धागा काढा. मी येतो तिथे.

रातांबा

या क्षणासाठी फ्रेंचमध्ये नेमकं वाक्य आहे: 'रव्हनों आ नो मूतों', आपण आपल्या मेंढ्यांकडे परत येऊ. पंधराव्या शतकातल्या एका प्रहसनात कापडवाला कोर्टात मेंढ्यांच्या चोरीची फिर्याद घेऊन येतो आणि मध्येच कापडाच्या बाकीबद्दल बोलायला लागतो. न्यायाधीश वैतागून त्याला पुन्हा पुन्हा मेंढ्यांवर आणतो. मूळ मुद्द्यावर या, एवढाच अर्थ. जांभा, राग मानू नका. तुमच्या मेंढ्या खरोखर वेगळ्या कळपातल्या आहेत.

आता पाटी. कुत्री-मांजरं पडणं हे फक्त इंग्लंडात. फ्रान्समध्ये दोर पडतात: 'इल प्लू दे कोर्द'. आपल्याकडे मुसळं. (गावाकडे ते 'गाय मुतल्यासारखा' असंही म्हणतात, ते पाटीवर नको.) तिन्हीत बघा, दोर आणि मुसळ जवळची, दोन्हींत जाड उभी धार डोळ्यांना दिसते. मराठीवरून थेट गेलात तर उडी छोटी, इंग्रजीवरून गेलात तर मधे उगाच प्राणी.

एक कबूल करायला हवं. अख्खं वाक्य दिलं तर हल्ली मोबाईल वाक्प्रचाराला सहसा फसत नाही. 'कॅट्स अँड डॉग्ज' टाकून बघा, दोरच देईल. तो फसतो ते एकट्या शब्दाला. मेनूत आणि लेबलावर आजूबाजूला वाक्य नसतं, 'हॉट' म्हणजे कुठलं हॉट ते त्याने कशावरून ओळखायचं? मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणते, शब्द टाकू नका, वस्तू सांगा. 'मेंढी नव्हे, बोकडाचं मांस, नारळाच्या वाटपात' असं लिहून टाका, मग बघा.

रापणकर

ताई, आमच्या कामाचां काय आसा काय त्या भाषेत? म्हणजे मासे-बिसे. नुसती मेंढरांच दिसतत.

रातांबा

आहे की. काहीतरी गडबड आहे असं म्हणायचं असेल तर 'इल य आ आंगीय सू रॉश', खडकाखाली वाम आहे. आपलं 'कुठेतरी पाणी मुरतंय'. मूळ मुद्दा गोंधळात टाकून टाळणाऱ्याबद्दल म्हणतात, तो 'न्वाय ल प्वासों', मासा बुडवतोय.

रापणकर

वाम खडकाखाली आसताच, त्यात गडबड खंयची? हात घातलो तर कळात गडबड कोणाची ती. पण मासो बुडवूक जाता काय खंय? हां, गळाक लागलेलो मासो ढील देवन दमवतत, तां म्हणत आसतले. तां खरां आसा, ओढलास तर तुटता. आमच्या सरपंचाक लागू पडता ह्यां.

आणि 'सोपां आसा, घाबरा नको' ह्याका काय?

रातांबा

'स ने पा ला मेर आ ब्वार'. समुद्र थोडाच प्यायचाय! अगस्ती ऋषींना हे वाक्य चाललं नसतं.

घावणे_चटणी

माझी लेक फ्रेंच शिकतेय, तिच्या बाईंच्या घरी जेवल्यावर 'आय ॲम फुल'चं 'झ स्वी प्लेन' म्हणाली तर बाई हसत सुटल्या. का ते सांगितलं नाही. सांगाल का?

रातांबा

सांगते, पण लेकीला जपून सांगा. 'प्लेन' स्त्रीलिंगी आलं की म्हशी-गाईंसाठी वापरतात. गाभण. पुरुषाने 'प्लँ' म्हटलं तर टुन्न. 'झे बियँ मांजे' म्हणावं, छान जेवले.

माडाखालचा

बाप रे, दोन दिवस काजूच्या गडबडीत होतो, इकडे एवढं झालं! सगळ्यांचे आभार. मेनू पूर्ण बदलला. काब्री, सिरो, पात द मांग, त्रे पिकां. बोंबील बोंबीलच.

आता एक शंका. पाट्या मी आता मराठीवरून देतोय, तरी गाडी अडलीच. 'चपला बाहेर काढाव्यात' याचं मोबाईलने एकदा 'व्हू' करून दिलं, एकदा 'त्यू'. त्यू म्हणजे तू ना? सत्तरीच्या पाहुण्याला 'तू चपला काढ' कसं लिहायचं? आमच्या मालवणीत आई-बापसाकही आम्ही तू म्हणतो, पण पाहुण्याला नाही.

रातांबा

फार चांगला प्रश्न. तुम्ही दिलंत मराठी, पण मोबाईल बऱ्याचदा आतल्या आत इंग्रजीवरूनच जातो. इंग्रजीत 'यू' एकच, त्यामुळे तुमचं मोठ्या मानाचं वाक्य तिथे सपाट होतं आणि फ्रेंचकडे जाताना मशीन नाणं उडवतं. पण तुमच्या मूळ पाटीत बघा, 'काढाव्यात'. त्यात तू नाही, तुम्ही नाही, आपण नाही. सरकारी पाट्या अशाच असतात: धूम्रपान करू नये, फुले तोडू नयेत. फ्रेंच पाट्याही नेमक्या तशाच, क्रियापदाचं मूळ रूप ठेवतात, 'न पा फ्यूमे'. कोणाला उद्देशून नाही. किंवा 'मेर्सी द...' म्हणून सुरुवात करतात, म्हणजे आधीच धन्यवाद, आता नाही म्हणायची सोय नाही. 'मेर्सी द लेसे व्हो शोस्यूर आ लांत्रे' लिहा, पायताणं दाराशी ठेवल्याबद्दल आभार. जिन्यासाठी: 'आतांस्यों, मार्श ग्लिसांत', सांभाळा, पायऱ्या निसरड्या. घोडे नकोत, कुत्री नकोत.

बर्फातला_कोकणी

अनुमोदन. आणि एक गोष्ट कोकणवाल्यांच्या फायद्याची. माझ्याबरोबर इथे दिल्ली-चेन्नईचे लोक फ्रेंच शिकत होते, 'बों', 'व्हँ', 'सां' यातला नाकातला स्वर काढताना घाम फुटायचा. मी पहिल्या दिवशी काढला. बाईंनी विचारलं आधी शिकला होतास का. म्हटलं, आमची आजी 'तां', 'ह्यां', 'घरां' असंच बोलते! लिंगाचंही तसंच, इंग्रजांना खुर्ची 'ती' का हे समजत नाही. आपल्याला खुर्ची तीच असते, फ्रेंचमध्येही 'ला शेझ'. तरी चंद्राला मी अजून पुल्लिंगी करतो, तिथे 'ला ल्यून', चंद्र बाई आहे.

माडाखालचा

हे आईला वाचून दाखवलं. आईचं वय ब्याऐंशी. ती म्हणाली, मग आकडेही आपलेच आसतले. झालं असं की सरबताची बाटली आम्ही एकशे ऐंशीला देतो. ल्योंच्या त्या बाईंनी जाताना किंमत फ्रेंचमध्ये म्हणून दाखवली, 'सां कात्र-व्हँ'. मुलीने सांगितलं, ऐंशीला ते चार-वीस म्हणतात, नव्वदला चार-वीस-दहा, तिला वर्गात हे पाठ करताना रडू आलं होतं. आई पडवीत नारळ मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात रडूचां काय? शंभर नि चार विसा." ती अजून नारळ विसानेच मोजते, आमच्या घरात तो आकडा रोजचा.

लेबलं नवीन आली, 'सां कोंसेर्वातर'. जुन्या एकशे त्र्याहत्तर बाटल्यांवर बायको आणि मुलगी कागदाच्या पट्ट्या चिकटवतायत. दोन बाटल्या मात्र त्या जोडप्याने तशाच मागून नेल्या, पट्टीशिवाय. म्हणाले, घरी गेल्यावर जावयाला देऊ.

रापणकर

आणि माझी?

माडाखालचा

मालवणच्या एसटीत कंडक्टरकडे दिलीय, दुपारी स्टँडवर बघ. वर्तमानपत्रात गुंडाळलीय. सगळ्यांसमोर सोडू नको.